संक्रांत कुणावर येत नाही



मागच्या खेपेस या सदरात आपण वीजबिलावरील निरनिराळ्या आकारांचा हिशेब पाहिला. या खेपेस एका शब्दाचा हिशेब मांडायचा आहे. तो शब्द म्हणजे 'संक्रमण'. विषय खगोलशास्त्राचा आणि भौतिकशास्त्राचा आहे, आणि मी पडलो वाणिज्य शाखेचा. पण या शब्दापायी आमच्या वस्तीतल्या एका माउलीच्या पदरी आठशे रुपयांचे कर्ज पडले, तेव्हा शाखा बाजूला ठेवून मला हा शब्द समजून घ्यावा लागला.

हकीकत अशी. आमच्याकडे महिलांचा एक बचत गट आहे. दिवसभर कार्यालयात आवक-जावक आणि बिलांच्या फायली हाताळणारा माणूस म्हणून गटाची वही लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गटातल्या एक ताई कर्ज मागायला आल्या. कर्जाच्या वहीत 'कारण' असा एक रकाना असतो. "काय लिहू, ताई?" असे विचारले, तर त्या घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, औंदाची संक्रांत एकुलत्या पोरावर हाय म्हणत्यात. ज्येला एकच ल्योक, त्या आईनं पाच बायांना बांगड्या भरायच्या. न्हाईतर पोराला जड जातंय."

आपल्या घरांतून हे सारे केव्हाच हद्दपार झाले, असे आपण सभेत सांगतो. पण भीती काही उंबरठ्यावर थांबून आत येऊ का असे विचारत नाही. नळावर पाणी भरताना शेजारीण बोलते, आणि बोलणे घरात येते. ताई धुण्याभांड्याची कामे करतात. आठशे रुपये म्हणजे त्यांच्या एका घरच्या कामाचा महिन्याचा पगार. गटाच्या नियमाप्रमाणे कर्ज नाकारता येत नव्हते. मी रकान्यात 'घरखर्च' असे लिहिले आणि पैसे दिले. ते लिहिताना मला बरे वाटले नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी विहारातल्या अभ्यासिकेत ताईंचा तोच एकुलता मुलगा पुस्तक घेऊन आला. तो बारावी विज्ञान शाखेत होता. म्हणाला, "काका, इलेक्ट्रॉनचं संक्रमण म्हणजे नेमकं काय होतं? आणि हे संक्रांतीतलंच संक्रमण का?"

मला उत्तर देता आले नाही. आईला ज्या शब्दाची भीती, तोच शब्द मुलाला परीक्षेला होता. पुढचे तीन महिने मी वाचनालयातून पुस्तके आणली, आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांना प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि जे समजले ते वहीत उतरवून काढले. ते आज आपणापुढे ठेवतो.

शब्द एक, व्यवहार अनेक

'क्रम' म्हणजे पाऊल टाकणे. 'संक्रमण' म्हणजे एका जागेवरून किंवा एका स्थितीतून दुसरीत जाणे. २०२० साली कोरोनाच्या साथीत हिंदी वाहिन्यांवर 'संक्रमण' हा शब्द रोग पसरण्याच्या अर्थाने इतका कानी पडला, की लहान मुलांना तो रोगाचाच शब्द वाटू लागला. आपण मराठीत त्याला संसर्ग म्हणतो. राजकारणावर लिहिणारे 'संक्रमणकाळ' म्हणतात. यांतला कोणताही अर्थ मुळात शुभ नाही की अशुभ नाही. एक बाजू सोडली, दुसरी धरली, एवढेच.

आम्हा कारकुनांच्या भाषेत बोलायचे तर संक्रमण म्हणजे बदलीचा हुकूम. हुकूम आला की तीन गोष्टी पाहायच्या: कोण कुठून कुठे गेला, बदल किती झाला, आणि त्याची नोंद कोणत्या वहीत पडली. हेच तीन प्रश्न आपण आकाशाला, चुलीला आणि अणूला विचारू.

आकाशातले संक्रमण

सूर्याने एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणे म्हणजे संक्रांत. राशी बारा, म्हणून वर्षात संक्रांतीही बारा. आपण घाबरतो ती एकाच संक्रांतीला. बाकीच्या अकरा कधी आल्या आणि गेल्या, हे पंचांग पाहणाऱ्यांखेरीज कुणाला ठाऊकही नसते.

आता राशी म्हणजे काय? आकाशात सूर्याचा जो वार्षिक मार्ग आपल्याला दिसतो, त्याचे माणसाने ३०-३० अंशांचे बारा सारखे भाग केले. त्या भागांच्या सीमा आकाशात कुठे आखलेल्या नाहीत. शिवाय सूर्य तिथे चालत नसून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, म्हणून तो आपल्याला सरकलेला दिसतो. एस.टी. बस पुणे जिल्हा सोडून सातारा जिल्ह्यात शिरते, तेव्हा रस्त्याकडेची पाटी बदलते. बसला धक्का बसत नाही, की आतल्या प्रवाशाचे पोट दुखत नाही. मकर संक्रमणाच्या क्षणी सूर्याचेही काही बदलत नाही. आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मिळते, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे रकाने कोरेच राहतात.

"पण त्या दिवसापासून उत्तरायण सुरू होते ना?" असे पुष्कळजण विचारतील. शाळेच्या पुस्तकातसुद्धा कैकदा तसे छापलेले असे. खरी गोष्ट अशी की, सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त सरकून परत उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. १४ किंवा १५ जानेवारीपर्यंत त्याला वळून तीन आठवडे उलटून गेलेले असतात.

मग हा फरक पडला कसा? यात आम्हा हिशेबनिसांना लगेच कळणारी एक चूक आहे. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते. तिच्या आसाला एक डुलकी पुरी करायला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. या डुलण्यामुळे ऋतूंवर आधारलेले वर्ष आणि ताऱ्यांवर आधारलेले वर्ष यांत सुमारे २० मिनिटांचा फरक पडतो. आपली पंचांगे ताऱ्यांचे वर्ष धरतात, पाऊस आणि थंडी ऋतूंच्या वर्षाने चालतात. वर्षाला २० मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण रोजकीर्दीतली लहानशी चूक दुरुस्त न करता पुढे ओढत नेली, की वर्षअखेर ताळा जुळत नाही. तसेच इथे झाले. सुमारे ७१ वर्षांत एक दिवस, याप्रमाणे सुमारे १७०० वर्षांत २४ दिवसांची तफावत साठली. सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि सूर्याचे वळणे ही खरोखरच एका दिवसाच्या आसपास होती. सूर्य वेळेवर वळत राहिला, आपली वही मात्र मागे पडली.

आकाशात आणखी एक संक्रमण असते, त्याला मराठीत अधिक्रमण म्हणतात. बुध किंवा शुक्र सूर्याच्या तबकडीवरून सरकताना दिसतो, ते अधिक्रमण. ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या गच्चीवर एका सहकाऱ्याच्या सौरचष्म्यातून मी ते पाहिले. सूर्यावर तिळाएवढा काळा ठिपका होता. पृथ्वीच्या जवळपास आकाराचा एक आख्खा ग्रह तिथून दिसत होता तो एवढाच. नंतर ६ जून २०१२ ला ते पुन्हा झाले, आणि आता डिसेंबर २११७ पर्यंत होणार नाही. त्या दिवशीही कुणाचे वाईट झाले नाही. उलट माणसाला त्यातून एक युक्ती सापडली. दूरच्या ताऱ्यापुढून त्याचा ग्रह सरकला, की ताऱ्याचा प्रकाश किंचित उणा होतो. १९९९ साली अशी घट प्रथम मोजली गेली. २००९ ते २०१८ या काळात काम केलेल्या केप्लर दुर्बिणीने याच रीतीने २,६०० हून अधिक ग्रह शोधून काढले. प्रकाशाची तूट मोजून न दिसणाऱ्या ग्रहाचा पत्ता लागला.

चुलीवरचे संक्रमण

आता आकाशातून घरात येऊ. बर्फाचे पाणी होते, पाण्याची वाफ होते. याला अवस्थांतर किंवा प्रावस्था-संक्रमण म्हणतात. इथे मात्र तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळते.

एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी उष्णता लागते. पण शंभर अंशांच्या त्याच पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे पाचपटीहून जास्त! आणि गंमत अशी, की ही सगळी उष्णता जात असताना तापमापकातला पारा हलत नाही. मग उष्णता गेली कुठे? ती पाण्याचे कण एकमेकांपासून सोडवण्यात खर्च झाली. जोसेफ ब्लॅक या स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञाने १७६० च्या सुमारास हे ओळखले आणि तिला गुप्त उष्णता असे नाव दिले. खर्ची पडलेली रक्कम दिसत नाही, पण वहीत नोंद असते.

भगिनींनी यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. भांड्यातले पाणी एकदा खळखळू लागले, की गॅस मोठा ठेवून बटाटे लवकर शिजत नाहीत. पाणी शंभराच्या वर जात नाही, वाफ तेवढी जास्त होते आणि सिलिंडर लवकर संपतो. उकळी आली की आच मंद करावी. कुकरची गोष्ट वेगळी. त्यात वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून डाळ झटपट शिजते. दुसरी गोष्ट, वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट. वाफ कातडीवर येऊन तिचे पाणी झाले, की गुप्त ठेवलेल्या ५४० कॅलरी ती तिथेच परत करते. कुकर उघडताना मुलांना लांब ठेवा.

अणूतले संक्रमण

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. अणूच्या गाभ्याभोवती इलेक्ट्रॉन असतात. १९१३ साली नील्स बोर या डॅनिश शास्त्रज्ञाने सांगितले, की इलेक्ट्रॉन वाटेल त्या ऊर्जेचा असू शकत नाही. त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आमच्या वेतनश्रेणीसारखेच म्हणा ना! या टप्प्यावर मूळ वेतन एवढे, पुढच्या टप्प्यावर एवढे, आणि दोन्हींच्या मधली रक्कम कुणालाच नाही. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर गेला तर नेमकी तेवढी ऊर्जा त्याला बाहेरून मिळावी लागते. खाली आला तर नेमकी तेवढी ऊर्जा तो प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. पायरी बदलण्याच्या या घटनेला भौतिकशास्त्रात संक्रमण म्हणतात. जमा आणि खर्च दोन्ही बाजू जुळतात. एक पैचाही घोटाळा नाही.

प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाचा प्रकाशही वेगळा. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मीठ घातलेली आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली, की निळी ज्योत एकदम पिवळी होते. मिठात सोडियम असते. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमचे इलेक्ट्रॉन वर चढतात आणि उतरताना ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश देतात. रस्त्यावर पूर्वी जे पिवळे दिवे सर्रास असत, त्यांतही सोडियमच होते. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरला, की ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश मिळतो. हा प्रकाश मुंबईच्या प्रयोगशाळेतून येवो की लाखो प्रकाशवर्षे दूरच्या मेघातून, त्याची मूळ सही एकच.

म्हणूनच १८३५ साली ऑगस्ट कोंत या फ्रेंच विचारवंताने तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही असे लिहिले, ते फार काळ टिकले नाही. पंचवीस वर्षांच्या आत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशातल्या रेषांवरून मूलद्रव्ये ओळखून दाखवली. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. गुंटूरसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञ त्यासाठी मुद्दाम आले होते. त्या सुमारास सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली, पण ती सोडियमच्या जागी नव्हती. ती होती हेलियमची. पृथ्वीवर हा वायू सापडायला १८९५ साल उजाडले. जो पदार्थ पृथ्वीवर कुणाला माहीत नव्हता, तो आधी सूर्यावर सापडला, तोही या संक्रमणाच्या सहीवरून.

दोन्ही वह्या तपासणारा माणूस

इथपर्यंत वाचल्यावर मला एक प्रश्न पडला. आकाशातल्या संक्रमणाची वही आणि अणूतल्या संक्रमणाची वही या दोन्ही तपासणारा कुणी होता का? होता, आणि तो आपल्या देशातला होता. त्यांचे नाव डॉ. मेघनाद साहा.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे किराणा मालाचे लहानसे दुकान, घरात आठ भावंडे. गावची शाळा संपल्यावर पुढे शिकायचे तर दुसऱ्या गावी राहणे भाग होते. अनंतकुमार दास नावाच्या एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून शिक्षण चालू राहिले. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रवेश मिळाला. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू तिथे होते आणि सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र होते. पण ईडन हिंदू वसतिगृहात उच्च जातीच्या काही विद्यार्थ्यांनी साहांच्या पंक्तीला जेवायला हरकत घेतली. बुद्धीने वर्गात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असणाऱ्या मुलाला ताट मात्र वेगळे! हे वाचताना माझ्या वाचकांना काय वाटेल ते मी सांगायला नको.

त्याच साहांनी १९२० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एक समीकरण मांडले. त्या वेळचे कोडे असे होते. ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेषा वेगवेगळ्या. कुणात हायड्रोजनच्या ठळक, कुणात कॅल्शियमच्या, कुणात लोखंडाच्या. मग हे तारे वेगवेगळ्या पदार्थांचे बनले आहेत काय? साहांनी सांगितले, की फरक मुख्यतः तापमानाचा आहे. फार तापले की इलेक्ट्रॉन नुसता पायरी चढत नाही, घरच सोडून जातो. पाण्याची वाफ होते किंवा उष्णतेने एखाद्या संयुगाचे तुकडे होतात, त्यांचा हिशेब ज्या नियमांनी मांडतात, त्याच नियमांनी त्यांनी अणूतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडला. म्हणजे चुलीवरचे संक्रमण आणि अणूतले संक्रमण एकाच खतावणीत आणले. तापमान आणि दाब सांगा, किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटले असतील ते समीकरण सांगते. उलट बाजूने रेषा पाहून ताऱ्याचे तापमानही काढता येते.

याचा केवढा परिणाम झाला पाहा. सूर्याच्या प्रकाशात लोखंडाच्या आणि कॅल्शियमच्या रेषा भरपूर, म्हणून सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्याचा असणार, असे मोठमोठे शास्त्रज्ञ समजत. सेसिलिया पेन या तरुणीने १९२५ साली आपल्या प्रबंधात साहांचे समीकरण वापरले आणि दाखवले, की तारे बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. सूर्याच्या तापमानाला हायड्रोजनचे फारच थोडे अणू दुसऱ्या पायरीवर असतात, म्हणून दृश्य प्रकाशातल्या त्यांच्या रेषा असायला हव्यात तितक्या जोरकस दिसत नाहीत. खिडकीशी उभी चार माणसे मोजली आणि बाहेर गल्लीपर्यंत गेलेली रांग मोजलीच नाही, तसे झाले होते. हेन्री नॉरिस रसेल या नामांकित शास्त्रज्ञाच्या आग्रहामुळे तिला आपलाच निष्कर्ष प्रबंधात 'संभवत नाही' अशा भाषेत मांडावा लागला. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल यांनाच तो मान्य करावा लागला. वेगळ्या ताटावर बसवलेला एक मुलगा आणि शब्द मागे घ्यायला लावलेली एक मुलगी, या दोघांमुळे सूर्य कशाचा आहे हे जगाला कळले.

हेच साहा स्वातंत्र्यानंतर दुसरी वही तपासायला बसले. नोव्हेंबर १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी ते कलकत्त्यातून लोकसभेवर निवडूनही आले होते. देशात तेव्हा निरनिराळी पंचांगे चालत आणि त्यांचा एकमेकांशी मेळ नसे. १९५५ साली समितीचा अहवाल आला. साठलेल्या दिवसांची चूक त्यात स्पष्ट दाखवली होती. त्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आकाशवाणीवर आणि भारताच्या राजपत्रावर शक संवताची जी तारीख असते, ती हीच. तिच्यात पौष महिन्याची पहिली तारीख येते २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य खरोखर वळतो त्याच सुमारास. ती सुरू झालेली पाहायला साहा नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सरकारी वही दुरुस्त झाली. घराघरातली व्हायची आहे.

जुन्नरच्या डोंगरापलीकडे

आपल्या महाराष्ट्रात या संक्रमणाचे एक मोठे केंद्र आहे. जुन्नरची लेणी पाहायला आपल्यापैकी अनेकजण जातात. तिथून जवळच नारायणगावापाशी खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या माळरानावर कान देऊन उभ्या आहेत.

त्या ज्या गोष्टी ऐकतात, त्यांत हायड्रोजनचे एक अगदी लहान संक्रमणही येते. त्यात २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर निघते. एकटा अणू आपणहून हे संक्रमण करायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे घेतो. पण आकाशात हायड्रोजन इतका अफाट आहे, की सगळ्यांचे मिळून ऐकू येण्याजोगे होते. गटात एकेक बाई दहा रुपये टाकते आणि भांडवल उभे राहते, तसे. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले, की या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली अशी लहर टिपली. विश्वाच्या प्रसरणामुळे वाटेत ताणली जाऊन तिची लांबी ४८ सेंटीमीटर झाली होती. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिथे विद्यार्थ्यांसाठी विज्ञान प्रदर्शन भरते. सहल काढणाऱ्या मंडळांनी लेण्यांबरोबर तेही पाहावे.

काठीची सावली

आता ताईंकडे वळतो. त्या वर्षी त्यांनी बांगड्या भरल्या आणि कर्ज सहा हप्त्यांत व्याजासह फेडले. मी त्यांना बरेच समजावले होते. त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं पटतंय भाऊ, पर पोटातली भ्या कुठं जाती?" तेव्हा मला कळले, की पुस्तकातले बोलून भागणार नाही. त्यांना स्वतः मोजता येईल असे काहीतरी हवे.

म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही विहाराच्या अंगणात एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली वहीत लिहायची. मुलांनी पाळ्या लावल्या. २२ डिसेंबरला मुंबईच्या आसपास ही सावली सुमारे ९१ सेंटीमीटर भरते. नागपूरकरांनी मोजली तर ती जवळपास काठीएवढीच, ९८ सेंटीमीटर भरेल. त्यानंतर ती रोज थोडी थोडी घटत जाते.

१४ जानेवारीला रविवारची नसतानाही मी अर्धी रजा टाकली. ताईंना बोलावून टेपचे एक टोक त्यांच्या हाती दिले. सावली भरली ८५ सेंटीमीटर. त्यांनी शंका काढली, "पर सकाळी अजून उजाडत न्हाई लवकर." शंका खरी होती. आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिरा होत जातो. पण सूर्यास्त त्याहून जास्त लांबतो, म्हणून दिवस डिसेंबरअखेरपासूनच वाढू लागलेला असतो. त्यांच्या मुलाने दिनदर्शिकेवरील दोन्ही वेळा वजा करून त्यांना दाखवल्या. आता तो बी.एस्सी.च्या वर्गात आहे.

ताईंनी वहीतले आकडे वरपासून खालपर्यंत बोटाने पाहिले. त्यांना अक्षरे अडखळत वाचता येतात, आकडे मात्र पक्के येतात. मग म्हणाल्या, "म्हंजे सूर्य कवाच वळला व्हता, भाऊ. आमीच मागनं घाबरलो."

त्या जानेवारीत कर्जाच्या वहीत त्यांच्या नावापुढे नोंद नाही. पण गटातल्या दुसऱ्या दोघींनी 'घरखर्च' म्हणून पाचशे-पाचशे रुपये नेले आहेत. यंदा २२ डिसेंबरला त्यांनाही टेप धरायला बोलावायचे आहे. आपापल्या वस्तीत एक काठी, एक टेप आणि एक वही घेऊन आपणही हे करावे, आणि आकडे या सदराकडे पाठवावेत. गावाचे नाव लिहायला विसरू नये, कारण गावागणिक सावली वेगळी.